वाचकांचे प्रश्न : सरोवराच्या तळावर वसवलेले भाताचे गाव

मागील अंकातील भातशेतीवरच्या लेखात जपानमधील ओगाता या गावाचा ओझरता उल्लेख होता. सरोवर आटवून मिळवलेल्या जमिनीवर सरकारने वसवलेले आणि वसवून होते न होते तोच ‘आता भात कमी लावा’ असे सुनावले गेलेले गाव, एवढेच तेथे म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमचे गाव पेण तालुक्यातील खारेपाटात आहे. मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे ती जमीन धड पिकत नाही. समुद्रसपाटीच्या खाली असलेले अख्खे गाव इतकी वर्षे कोरडे राहते कसे? (एक शेतकरी, पेण तालुका)

ओगाता जपानच्या मुख्य बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, अकिता प्रांतात आहे. तेथे हाचिरोगाता नावाचे सुमारे २२० चौरस किलोमीटरचे सरोवर होते. बिवा सरोवराच्या खालोखाल जपानमधील ते सर्वांत मोठे सरोवर होते, पण अत्यंत उथळ होते. सर्वांत खोल जागीही पाणी चार-पाच मीटरच भरत असे. ओगा नावाचे जुने बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये वाळूचे दोन लांब दांडे साचत गेले आणि त्यांच्यामध्ये हे पाणी अडकले. समुद्राशी त्याचा संबंध दक्षिणेकडच्या एका अरुंद खाडीपुरता उरला होता. आपल्याकडील खारभूमीशी तुलना करताना हा पहिला फरक लक्षात ठेवला पाहिजे, तो म्हणजे ओगाताच्या बांधावर समुद्राची लाट थेट येऊन आदळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तांदळाची तीव्र टंचाई होती. सरोवर आटवण्याची कल्पना जुनीच असली, तरी तिला वेग आला तो १९५४ साली, डेल्फ्टचे प्राध्यापक यान्सेन आणि अभियंता फोल्कर हे नेदरलँड्सचे दोन तज्ज्ञ पाहणीसाठी आले तेव्हा. १९५७ साली काम सुरू झाले. समुद्राकडच्या खाडीवर भरतीचे पाणी अडवणारे दरवाजे १९६१ मध्ये उभे राहिले, १९६३ च्या अखेरीस पाणी उपसायला सुरुवात झाली आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी गावाची रीतसर स्थापना झाली. मधल्या जमिनीभोवतीचा बांध सुमारे ५२ किलोमीटर लांबीचा आहे. सरोवराचा तळ म्हणजे लोण्यासारखा मऊ गाळ, आणि त्यावर रचलेली माती आपल्याच वजनाने खचणार हे उघड होते. म्हणून जेथे गाळ फारच मऊ होता तेथे तो आधी उपसून काढला, त्या जागी वाळू भरली आणि मग तिच्यावर बांध घातला.

सरोवर मात्र संपूर्ण आटवलेले नाही. बांधाच्या बाहेर पूर्वेला व पश्चिमेला पाण्याचे पट्टे आणि दक्षिणेला मोठा जलाशय राखून ठेवला आहे. समुद्राकडचे दरवाजे मिटल्यावर हे पाणी काही वर्षांत गोडे झाले आणि आज तेच शेतीला पुरवले जाते. शेते या जलाशयाच्या पातळीहून बरीच खाली आहेत, त्यामुळे पाणी शेतात घेण्यासाठी पंप लागत नाही. ते आपल्या उताराने आत येते. खर्च आहे तो बाहेर काढण्याचा. शेतात सोडलेले पाणी असो, पावसाचे असो की वितळलेल्या बर्फाचे असो, त्याचा प्रत्येक थेंब चरांतून मोठ्या पंपगृहांपर्यंत आणून वर उचलून बाहेर टाकावा लागतो.

आपल्या खारेपाटातील रचना याहून मुळातच वेगळी आहे. तुमची शेते भरतीच्या पातळीखाली असली, तरी ओहोटीच्या पातळीच्या वर आहेत, म्हणूनच ओहोटीला उघाडी (बांधातील पाण्याचे दार) उघडली की आतले पाणी आपोआप खाडीत निघून जाते. पंपाची गरज नसणे ही आपल्या पूर्वजांनी साधलेली मोठी किफायत होती, आणि गोव्यातील खाजन शेतीतल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतल्या, मानशी (पाण्याची दारे) याही याच तत्त्वावर चालतात. ओगातामध्ये ओहोटीचा उपयोग नाही, कारण तेथील जमीन कोणत्याही ओहोटीच्या खालीच आहे. त्यामुळे पंप हीच त्या गावाची खरी वेस आहे असे म्हटले तरी चालेल. २६ मे १९८३ रोजी जपानी समुद्रात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा बांध अनेक ठिकाणी खचला आणि तो पुन्हा उभारावा लागला. म्हणजे तेथे संकट येत नाही असे नव्हे. दुरुस्ती कोणी करायची, कोणत्या पैशाने करायची आणि किती दिवसांत करायची याविषयी तेथे संदिग्धता नाही, एवढाच फरक आहे. खारेपाटात पूर्वी जोळ पद्धतीने गावकरी एकत्र येऊन खांडी बुजवत असत. १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी बांधांची जबाबदारी शासनाकडे सरकत गेली, जुनी सामूहिक सवय मोडली, आणि तिच्या जागी तितक्याच तत्परतेने धावणारी व्यवस्था मात्र सर्वत्र उभी राहिली नाही. तुमच्या पत्रातील गाऱ्हाण्याचे मूळ आमच्या मते बांधाच्या उंचीत कमी आणि येथे अधिक आहे.

प्रश्न : एवढी जमीन तयार झाल्यावर ती कोणाला दिली? आसपासच्या भूमिहीनांना मिळाली की वशिल्याच्या लोकांना? (कृषी पदविकेचा विद्यार्थी, सांगली)

दोन्हीही नाही. जपानभरातून अर्ज मागवून, परीक्षा व मुलाखती घेऊन शेतकऱ्यांची निवड करण्यात आली. निवड झालेल्यांना सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागे, आणि बहुतेकांना आपली मूळ जमीन विकून किंवा सोडून यावे लागले. पहिल्या तुकडीतील ५६ कुटुंबे १९६७ साली आली. १९७० पर्यंत चार तुकड्यांत ४६० कुटुंबे झाली आणि १९७४ च्या शेवटच्या तुकडीत आणखी १२० आली. जमीन फुकट नव्हती. ती सरकारकडून दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर विकत घ्यायची होती, त्यामुळे प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून कर्जदार होता. पुढच्या भांडणात या गोष्टीला फार महत्त्व आले.

प्रत्येक कुटुंबाला सुरुवातीला १० हेक्टरपर्यंत जमीन मिळाली. त्या काळात जपानमधील सरासरी धारणा सुमारे एक हेक्टर होती, हे लक्षात घेतले म्हणजे शेजारच्या गावांतून ओगाताकडे कोणत्या नजरेने पाहिले जात असेल याची कल्पना येते. योजनाकारांना हे गाव भावी जपानी शेतीचा नमुना म्हणून दाखवायचे होते. सहा-सहा कुटुंबांचा एक गट, त्याची मिळून साठ हेक्टर जमीन, गटाच्या मालकीचे मोठे ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे, आणि बी रोपवाटिकेत न टाकता थेट शेतात पेरायचे, असा आराखडा होता. घरे शेतावर न बांधता गावाच्या मध्यभागी एकत्र बांधली. त्रिकोणी छपरांच्या त्या घरांना लाल, निळा, पिवळा असे रंग दिले होते. शेतकऱ्याने सकाळी गाडी काढून शेतावर कामाला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, जवळजवळ कारखान्यातल्या कामगारासारखे.

आराखड्यातले पुष्कळसे जमिनीने मोडून काढले. सरोवराचा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसे, पण त्या कवचाखाली तो अजून मऊच असे, त्यामुळे जड यंत्र शेतात उतरले की रुतत असे. एक बाहेर काढायला दुसरे आणावे आणि तेही रुतावे असे प्रसंग वारंवार येत. थेट पेरणी फसली आणि रोपे लावण्याकडे वळावे लागले. सहा कुटुंबांच्या गटांचेही तेच झाले. एकाच आठवड्यात सहाही शेते कापणीला येणार आणि यंत्र एकच, मग आधी कोणाचे, हा वाद आपल्याकडे सामाईक विहिरीवर ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. जसजशी लहान आणि स्वस्त यंत्रे बाजारात आली तसतशी प्रत्येकाने आपापली घेतली आणि गट विरत गेले.

एक गोष्ट येथेच नोंदवतो. स्थापनेनंतर सुमारे दशकभर या गावाचा प्रमुख निवडून आलेला नव्हता, तो वरून नेमलेला असे. जमीन सरकारने घडवली, माणसे सरकारने निवडली, घरांचे आराखडे सरकारने काढले; गावाने स्वतः ठरवायचे असे सुरुवातीला काही उरलेलेच नव्हते.

प्रश्न : भात पिकवण्यासाठीच वसवलेल्या गावाला भात लावू नका असे का सांगितले? आमच्या भागात कापूस एकाधिकाराच्या काळात सीमेवर गाड्या अडवल्या जात, त्याची हे वाचून आठवण झाली. (निवृत्त शिक्षक, यवतमाळ)

आठवण रास्त आहे, आणि फरकही बोधप्रद आहे. आधी घटनाक्रम पाहू.

१९४२ च्या अन्न नियंत्रण कायद्यानुसार जपानमधील तांदूळ सरकार खरेदी करत असे आणि युद्धोत्तर काळात शेतकऱ्याला चांगला भाव मिळावा असे धोरण होते. भाव चांगला आणि खरेदी हमखास, त्यामुळे उत्पादन वाढत राहिले. खाणे मात्र बदलले. जपानी माणसाचा वर्षाचा तांदळाचा खप १९६२ साली ११८ किलोपर्यंत जाऊन पोहोचला आणि तेथून जो उतरत गेला तो उतरतच गेला. आज तो साधारण त्याच्या निम्म्यावर आहे. १९७० पर्यंत सरकारी गोदामांत सुमारे ७२ लाख टन तांदूळ साठला होता. त्याच वर्षी देशभर भाताखालील क्षेत्र कमी करण्याचे धोरण सुरू झाले आणि ओगातामध्ये नवी कुटुंबे आणणेही थांबवण्यात आले. म्हणजे टंचाईच्या भीतीने सरोवर आटवायला घेतले आणि शेते पिकू लागेपर्यंत टंचाईचे रूपांतर अतिरिक्त साठ्यात झाले होते.

१९७४ साली शेवटची तुकडी आली ती नव्या अटींवर. प्रत्येकी १५ हेक्टर जमीन, पण तिच्यातील साधारण निम्म्या भागातच भात घ्यायचा आणि उरलेल्या भागात गहू, सोयाबीन यांसारखी कोरड्या जमिनीतली पिके घ्यायची. जुन्या कुटुंबांनाही वाढीव पाच हेक्टर देऊन हाच नियम लावण्यात आला. कागदावर हे योग्य दिसते. प्रत्यक्षात ती जमीन पाण्याने जड झालेली चिकणमाती होती, निचरा अवघड होता आणि त्यातली कोरडी पिके भाताच्या पासंगालाही पुरत नव्हती. डोक्यावर जमिनीचे हप्ते होते. पुष्कळांनी मर्यादेबाहेर भात लावला. १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये सरकारी दबावाखाली शेतकऱ्यांना उभे हिरवे भात कापून टाकावे लागले. ओंबीत दाणा भरण्यापूर्वी, स्वतःच लावलेले पीक स्वतःच कापायचे, ही गोष्ट कोणत्याही देशातल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

यानंतर गाव दुभंगले. एका बाजूला नियम पाळणारे होते, दुसऱ्या बाजूला मर्यादा झुगारणारे. मर्यादेबाहेरचा तांदूळ सरकार घेत नसे, म्हणून तो खुल्या बाजारात, म्हणजे कायद्याच्या भाषेत काळ्या बाजारात, जाऊ लागला. १९८५ साली प्रशासनाने गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर नाकी बसवून तांदूळ नेणाऱ्या गाड्या तपासल्या. चारी बाजूंनी पाणी आणि बाहेर जायला मोजके पूल, त्यामुळे नाकेबंदीला हे गाव जणू मुद्दाम रचल्यासारखेच होते. काहींवर गुन्हे नोंदले गेले, पण खटले उभे राहिले नाहीत. अटी मोडल्या म्हणून जमीन परत घेण्याचे सरकारी दावे मात्र न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले.

बंडखोरांची बाजू मांडणे सोपे आहे आणि ती बहुतेक वेळा मांडलीही जाते. नियम पाळणाऱ्यांची बाजू तेवढी ऐकू येत नाही, म्हणून ती येथे लिहितो. शेजारच्या गावांतले एक-दीड हेक्टरवाले शेतकरी आपल्या तुटपुंज्या खाचरांतला हिस्सा पडीक ठेवत होते. ज्यांच्याकडे त्यांच्या दहापट जमीन होती, आणि तीही साऱ्या देशाच्या पैशातून तयार झालेली, त्यांनीच भरपूर भात लावला तर भाव पडणार होता तो सगळ्यांचा. तेव्हा नियम पाळणारे घाबरट होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आमचा आक्षेप वेगळा आहे. जमीन विकताना सरकारने शेतकऱ्याला कर्जदार आणि मालक केले, धोरण फिरल्यावर मात्र त्याला नोकरासारखे वागवले. मालकीची जोखीम एकाकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी होती. शेती तोट्यात गेली असती तर हप्ते माफ होणार नव्हते.

आपल्या कापूस एकाधिकाराशी साम्य आहे ते येथपर्यंत. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस राज्याच्या यंत्रणेलाच विकण्याचे बंधन आले, आणि शेजारच्या राज्यात भाव बरा असला की कापूस रातोरात सीमेपलीकडे जाऊ लागला, म्हणून नाकी आली. पण आपल्याकडे बंधन विकण्यावर होते, पेरण्यावर नव्हते. काय लावायचे हे शेतकरी ठरवी आणि तक्रार असे ती भावाची व चुकाऱ्याला लागणाऱ्या विलंबाची. ‘रास्त भाव द्या’ ही शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेची मागणी त्यातूनच धारदार झाली. ओगातामध्ये भावाविषयी तक्रार नव्हतीच. उलट भाव इतका चांगला होता की प्रत्येकाला भातच लावायचा होता, आणि तेच सरकारच्या गळ्याशी आले. हमीभावाने एखाद्याच पिकाला बळ दिले की काय होते याचा विचार करताना पंजाबचे उदाहरण नेहमी दिले जाते. आमच्या मते ओगाताचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे, कारण तेथे बाकीची गुंतागुंत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९८४ साली पुढे आलेला अकिता कोमाची हा चवदार वाण घेऊन येथील काही शेतकऱ्यांनी १९८७ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि देशभरातील घरांना टपालाने तांदूळ विकायला सुरुवात केली. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात जपानचे पीक बुडाले, परदेशातून तांदूळ आणावा लागला, आणि जुन्या अन्न नियंत्रण कायद्याची उरलीसुरली पत गेली. १९९५ मध्ये तो कायदा संपला. सरकारने उत्पादनाचे वाटे ठरवून देण्याची पद्धत २०१८ मध्ये थांबली. २०२४-२५ मध्ये जपानी दुकानांतील तांदळाचा भाव वर्षभरात दुपटीच्या घरात गेला, आणि क्षेत्र कमी करण्याचे धोरण अर्धे शतक ताणले ते बरोबर होते का, हा वाद तेथे पुन्हा पेटला. ओगातातील दोन्ही पक्षांच्या लोकांना या वादात नवे काही ऐकायला मिळाले असेल असे वाटत नाही.

प्रश्न : सरोवर गेले तेव्हा मासेमारी करणाऱ्यांचे काय झाले? (मालवणहून एक वाचक)

त्यांना भरपाई देण्यात आली आणि त्यांच्यातील बहुतेकांचा धंदा संपला. सरोवराचे पाणी मचूळ असल्याने तेथे लहान मासळी विपुल होती. शिडाच्या खास होड्यांनी जाळी ओढली जात आणि हिवाळ्यात बर्फाला भोके पाडून मासे धरले जात. मोठी होणारी मुले शेतीत किंवा शहरातल्या कारखान्यांत गेली. उरलेल्या जलाशयात थोडी मासेमारी अजून होते आणि सोया सॉसमध्ये आटवलेल्या बारीक मासळीचा पदार्थ काठावरच्या गावांत आजही विकला जातो. पण पाणी गोडे झाल्यावर जुन्या जाती घटल्या, आणि शेतांतून येणाऱ्या खतांमुळे उन्हाळ्यात जलाशयावर हिरव्या शेवाळाचा थर चढतो. या शेवाळावर अजून समाधानकारक उपाय सापडलेला नाही. भातासाठी किती मासळी दिली याचा हिशेब १९५७ मध्ये कोणी धड मांडला नव्हता. खाडीवर बंधारा घालण्याचे प्रस्ताव आपल्याकडे येतात तेव्हा तो हिशेब आधी मागावा, असे तुमच्या पत्राच्या निमित्ताने सुचवतो.

प्रश्न : जपानला जाणे होणार आहे. या गावात पाहण्यासारखे काही आहे का? (पुण्याहून एक वाचक)

सपाट प्रदेश पाहण्याची आवड असेल तर जरूर जा. डोंगर, देवळे आणि जुनी घरे हवी असतील तर निराशा होईल. अकिता शहरापासून हे गाव उत्तरेला तासाभराच्या आत आहे. एप्रिलच्या शेवटच्या आणि मेच्या पहिल्या आठवड्यात मुख्य रस्त्याच्या कडेने सुमारे ११ किलोमीटर चेरी आणि त्याखाली पिवळीधमक मोहरी एकाच वेळी फुलते, तो काळ उत्तम. उत्तर ४० अंश अक्षांश आणि पूर्व १४० अंश रेखांश यांचा छेद याच शिवारात पडतो आणि तेथे खूण उभारली आहे. ओगाता फुजी नावाची एक गवताळ टेकडीही आहे. तिची उंची ३.७७६ मीटर, म्हणजे खऱ्या फुजीच्या बरोबर एक हजारांश. जिना चढून माथ्यावर उभे राहिलात की तुमचे पाय नेमके समुद्रसपाटीवर असतात. सार्वजनिक वाहने फार कमी आहेत, तेव्हा गाडी भाड्याने घ्यावी, आणि बांधावरून एक फेरी मारावी, म्हणजे एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूच्या शेतांहून किती वर आहे ते डोळ्यांना दिसते.